गावच्या ट्रंकेतली प्रत

परळ-लालबागमध्ये जुन्या कागदाचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने अट ठेवली, ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याची. संप त्याच महिन्याच्या १८ तारखेला सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, आणि २०१२ साली घरांची सोडत निघाली तेव्हा सगळी भिस्त ओळखपत्र, तिकीट, लाल पास, हजेरीपत्रक, ईएसआयसीचा क्रमांक असल्या चिटोऱ्यांवर आली. तीस वर्षे ज्या कागदाला कोणी विचारले नव्हते, त्याच्यावर घर अवलंबून राहिले. माझ्या पाहण्यातल्या अनेक कुटुंबांत तो कागद परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत नव्हताच. तो गावी होता, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत.

आता हे कागद फोनमध्ये आले आहेत. त्यांच्या शेजारी बारशाचे फोटो आहेत, गेलेल्या आजीचा आवाज आहे, पाडलेल्या चाळीच्या गॅलरीचा व्हिडिओ आहे. संगणकाची थोडीफार माहिती असल्याने आमच्या भागातली मंडळी फोन घेऊन माझ्याकडे येतात. कागदांची दुसरी प्रत कुठे आहे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘गूगलवर आहे की सगळं.’

हे उत्तर अर्धेच खरे आहे. गूगल फोटोज हा मुख्यतः आरसा आहे. त्या ॲपमध्ये फोटो पुसला की तो फोनवरून जातो आणि खात्यावरूनही जातो. टोपलीत साठ दिवस पडून राहतो, मग कायमचा नाहीसा होतो. नातवाचे बोट चुकून पडले तर आरसा ती चूकही इमानेइतबारे दाखवतो. शिवाय अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल आणि फोटो मिळून १५ जीबी. दोन वर्षे न उघडलेले खाते पुसून टाकण्याचा अधिकारही कंपनीने राखून ठेवला आहे. व्हॉट्सॲपची तर वेगळीच गंमत. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो. लग्नाच्या फोटोत ते जाणवत नाही, पण लाल पासवरचा पुसट शिक्का तेवढ्याने वाचेनासा होतो. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

आरसा आणि प्रत यांतला फरक मोठ्यामोठ्यांना महागात पडला आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू जगभर पसरला. आपल्या समोरच्या खाडीपलीकडे, जेएनपीटीमधल्या मर्स्क कंपनीच्या टर्मिनलचे काम त्या दिवशी कोलमडले. कोणता संगणक कोणाचा, कोणाला काय उघडण्याची मुभा, याची नोंदवही सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर मर्स्ककडे जगभर विखुरलेले होते. प्रत्येक जण दुसऱ्याची नक्कल ठेवत असे. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला तो एक, आफ्रिकेत घानामधला. विषाणू पसरला त्या वेळी तिथली वीज गेलेली होती! त्या एका सर्व्हरची हार्ड डिस्क माणसाच्या हाती विमानाने लंडनला आणली गेली आणि कंपनीचा कारभार पुन्हा उभा राहिला. तारेने जोडलेल्या दीडशे नकलांपेक्षा तार तुटलेली एक नक्कल कामी आली.

छायाचित्रकारांमध्ये एक नियम रूढ आहे. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. लोक पहिले दोन भाग पाळतात आणि तिसऱ्याकडे कानाडोळा करतात. परळमध्ये तरी तसे करून चालणार नाही. हिंदमाता म्हणजे बशीचा तळ. चार जोरदार सरी आल्या की पाणी तिथे येऊन बसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याची आठवण अजून जाते कुठे? २९ ऑगस्ट २०१७ ला केईएम रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या वॉर्डांत पाणी शिरले होते. लॅपटॉप टेबलावर आणि हार्ड डिस्क खालच्या खणात, ही दोन ठिकाणे नव्हेत. पाण्याच्या, आगीच्या, चोराच्या दृष्टीने ती एकच जागा.

‘दुसरी जागा’ मात्र आपल्याकडे आयतीच आहे. अमेरिकेतला माणूस त्यासाठी बँकेचा लॉकर घेतो. परळच्या माणसाला गाव आहे. मी सुचवतो ते असे. सारख्या क्षमतेच्या दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. दोन्हींवर सगळे उतरवावे. एक परळला ठेवावी, एक गावी. गणपतीला जाताना परळची ताजी केलेली डिस्क घेऊन जावी, गावची घेऊन यावी. शिमग्याला पुन्हा अदलाबदल. गावातली प्रत फार तर सहा महिन्यांनी मागे राहते, आणि त्या मधल्या काळासाठी गूगलचा आरसा आहेच. नकला उतरवून झाल्या की डिस्क संगणकापासून काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही. खंडणीखोर विषाणू जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतो.

कोकणातल्या पावसाळ्याचा विचार हवाच. ट्रंकेत कागद टिकले तरी इलेक्ट्रॉनिक वस्तूला दमट हवा सोसत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह डिस्क ठेवावी, जमिनीपासून वर. पेनड्राइव्ह या कामाला घेऊ नये. त्यात माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिल्यास तो भार हळूहळू झिरपतो. फिरत्या चकत्यांच्या हार्ड डिस्कला ते भय कमी, पण ती हातातून पडता कामा नये. एसटीत ती मांडीवरच्या पिशवीत बरी.

यानंतरचा भाग कंटाळवाणा असल्याने सगळे टाळतात, तो म्हणजे ताडून पाहणे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा अडचण प्रती नसण्याची नव्हती. प्रती होत्या, त्यांतले पाठ बिघडले होते. नकलेवरून नक्कल होताना चूक शिरते आणि पुढच्या सगळ्यांना वारशाने मिळते. संगणकाच्या फाइलचेही तेच होते. डिस्कचा एखादा कण बिघडला तर फोटोचा खालचा भाग करडा दिसतो, आणि आपण तोच बिघडलेला फोटो नव्या डिस्कवर भक्तिभावाने उतरवत राहतो. यावर ‘शा-२५६’ नावाची गणिती युक्ती आहे. कोणत्याही फाइलवरून ती ६४ अक्षरांचा ठसा काढते. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी सगळा ठसा बदलतो. ठशांची यादी पहिल्या दिवशी करून ठेवली की वर्षाने पुन्हा काढून जुळवता येते. विंडोजमध्ये ही सोय मुळातच आहे. एवढे नको असेल त्याने निदान दर सणाला गावच्या डिस्कवरच्या दहा-बारा फाइली उघडून पाहाव्यात.

लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळे दुखणे सांगतो. नव्वदच्या दशकातले लेख, दिवाळी अंकांची पाने पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीच्या फाँटमध्ये बसवलेली असतात. फाइल शाबूत, एकही ठिपका हललेला नाही, आणि उघडली तर इंग्रजी चिन्हांची रांगोळी. त्या फाँटमध्ये ‘क’ च्या जागी प्रत्यक्षात रोमन अक्षरच साठवलेले असते. फाँट गेला की मराठी गेली. ज्यांच्याकडे जुना संगणक अजून चालू आहे, त्यांनी पाने पीडीएफ करून ठेवावीत आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. तो संगणक बंद पडल्यावर हे काम दसपट अवघड होते.

आणि वारस. गिरणी कामगाराच्या पश्चात त्याची बायको, मुले ट्रंक उघडू शकली, कारण किल्ली देव्हाऱ्यात होती. आज खात्याला पासवर्ड आहे, त्यावर ओटीपी, ओटीपी येतो मोबाइलवर, आणि माणूस गेल्यावर रिचार्ज थांबतो, सिम बंद पडते. गूगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ म्हणून सोय आहे. ठरावीक महिने खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या माणसाला त्यातले साहित्य मिळते. ती भरायला दहा मिनिटे लागतात. तोवर पासवर्ड, डिस्कला कुलूप असल्यास त्याचा शब्द, आणि कोणती डिस्क कुठे आहे ते एका कागदावर, स्पष्ट अक्षरात, शाईने लिहून पाकिटात घालावे आणि ते पाकीट रेशनकार्डाबरोबर ठेवावे. घरात ते कुठे असते, हे सगळ्यांना माहीत असते.