दुसरा दगड

गुढियारीतल्या आमच्या घरात हरतालिकेच्या कहाणीची एक वही आहे. सासूबाई लग्न होऊन अमरावतीहून रायपूरला आल्या, तेव्हा त्यांनी ती आपल्या हाताने उतरवून आणली होती. शाई कागदाच्या पाठीमागे फुटते म्हणून त्यांनी फक्त उजवी पानं लिहिली आणि डावी कोरी ठेवली. पुढे धमतरीकडची मुलगी माझी धाकटी जाऊ म्हणून आली. पहिल्या हरतालिकेला ती शेवटपर्यंत हात जोडून बसली आणि मग हळूच म्हणाली, "आई, समजतं तर सगळं, पण मधलं मधलं सुटून जातं." त्याच वर्षी सासूबाईंनी डाव्या कोऱ्या पानांवर हिंदी लिहून काढलं, ओळीसमोर ओळ येईल असं.

ती वही मांडीवर उघडी होती तेव्हाच मला पाचव्या शतकातल्या एका पोथीची आठवण झाली. तिचं नाव कोडेक्स बॉर्जियानस. बायबलच्या जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक तिला 'टी' किंवा 029 म्हणतात. ती चर्मपत्रावर लिहिलेली आहे. एका पानावर ग्रीक शुभवर्तमान आणि समोरच्या पानावर तोच मजकूर कॉप्टिकमध्ये, म्हणजे दक्षिण इजिप्तच्या साहिदी बोलीत. ग्रीक मजकुराची आता 23 पानं उरली आहेत. त्यांत लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या-तेविसाव्या अध्यायांतला काही भाग आणि योहानाच्या सहाव्यापासून आठव्यापर्यंतचे तुकडे आहेत. पान साधारण 26 सेंटीमीटर उंच आणि 21 रुंद, म्हणजे आजच्या ए-फोर कागदाहून थोडं आखूड. प्रत्येक पानावर दोन रकाने.

अभ्यासकांना तिचं मोल वाटतं ते तिच्या पाठासाठी. तिचं ग्रीक 'व्हॅटिकानस' या चौथ्या शतकातल्या पोथीच्या जवळचं आहे. व्यभिचाराच्या आरोपावरून लोकांनी येशूपुढे आणलेल्या स्त्रीची प्रसिद्ध गोष्ट योहानात सातव्या अध्यायाच्या शेवटी सुरू होते. या पोथीत ती गोष्ट नाही, मजकूर सरळ पुढे जातो. नंतरच्या काळात इतकी लाडकी झालेली ही गोष्ट जुन्या प्रतींत कशी सापडत नाही, याचा ही पोथी एक साक्षीदार आहे. मला मात्र पाठभेदांपेक्षा पोथीची मांडणी जास्त बोलते. दोन भाषा समोरासमोर लिहायच्या म्हणजे कातडं दुप्पट लागतं आणि मेहनतही दुप्पट. एवढा खर्च कुणी हौसेखातर करत नाही. ज्या सभेत ही पोथी वाचली जाई, त्या सभेत 'मधलं मधलं सुटणारी' माणसं बसलेली असणार.

ती कोण होती याचा अंदाज बांधता येतो. अलेक्झांडरनंतर इजिप्तमध्ये राज्यकारभाराची भाषा ग्रीक झाली आणि रोमनांच्या काळातही ती तशीच राहिली. शहरं ग्रीक बोलत आणि नाईलकाठची खेडी इजिप्शियन. सन 270 च्या सुमारास अँटनी नावाच्या इजिप्शियन तरुणाने चर्चमध्ये एक वचन ऐकलं: जवळ असेल ते विकून गरिबांना दे. त्याने वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली आणि पुढे वाळवंट गाठलं. त्याचं चरित्र बिशप अथनासियसच्या नावाने ओळखलं जातं. त्यात ग्रीक विद्वान भेटीला येतात तेव्हा अँटनी दुभाष्यामार्फत बोलतो. मग ते वचन त्याच्या कानावर कोणत्या भाषेत पडलं असेल? बहुधा ग्रीक वाचणाऱ्याशेजारी कुणीतरी उभा राहून ते गावच्या बोलीत सांगत असावा. जेरुसलेममध्ये असंच चालत असे. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथे गेलेल्या एगेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने लिहून ठेवलं आहे की बिशप ग्रीकमधूनच बोलतो आणि शेजारी उभा राहिलेला धर्मगुरू ते सीरियाकमध्ये सांगतो. कॉप्टिक पान हे त्या शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाचं लेखी रूप आहे, असं मी मानते.

आता लिपीचं पाहा. कॉप्टिकने ग्रीकांची सगळी 24 अक्षरं घेतली. पण 'श', 'फ', 'ह' यांसारख्या काही ध्वनींना ग्रीकमध्ये जागाच नव्हती. त्यांच्यासाठी जुन्या इजिप्शियन लिपीच्या शेवटच्या, झरझर लिहिल्या जाणाऱ्या डेमोटिक रूपातून अक्षरं आणली. साहिदीत अशी सहा आहेत. फारोंच्या काळापासून चालत आलेल्या लेखनाची ही सहा अक्षरं ख्रिस्ती पोथीत टिकली. आमच्या मोहल्ल्याच्या नावातही असंच एक चिन्ह आहे. दुकानाच्या पाटीवर 'गुढ़ियारी' लिहितात, 'ढ'खाली नुक्ता देऊन. मराठीत 'गाढव' आणि 'वाढ' म्हणताना आपण उच्चार तोच करतो, पण टिंब देत नाही. वहीच्या डाव्या पानांवर सासूबाईंनी 'पढ़ना' लिहिताना ते टिंब आठवणीने दिलं आहे. उजव्या पानांवर एकही नाही.

पोथी रोमला कशी पोचली, ही हकिगत मराठी वाचकाला जवळची वाटेल. तिची पानं सोहागजवळच्या पांढऱ्या मठातली. चुनखडीच्या भिंतींचा हा मठ शेनुते या मठाधिपतीमुळे पाचव्या शतकात मोठा झाला. साहिदी गद्याला प्रौढी आली ती त्याच्याच लेखणीने. मठाचं ग्रंथालय पुढे पडीक झालं आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याची पानं युरोपात जाऊ लागली. त्यांतला एक मोठा गठ्ठा स्तेफानो बॉर्जियाने मिळवला. वेल्लेत्री गावच्या या धर्माधिकाऱ्याने आपल्या घरीच संग्रहालय उभारलं होतं. 1770 ते 1789 या काळात तो रोममधल्या 'प्रोपगांडा फिदे' या धर्मप्रसार मंडळाचा चिटणीस होता, आणि त्या मंडळाचा स्वतःचा छापखाना होता.

याच छापखान्यातून 1778 मध्ये मराठीचं एक व्याकरण निघालं, पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं. निजामशाही आणि आदिलशाही मुलखात चालणारी मराठी, असं त्याच्या मुखपृष्ठावर म्हटलं आहे, जरी त्या दोन्ही शाह्या तेव्हा केव्हाच लयाला गेल्या होत्या. त्याच साली पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन भाषांतली ख्रिस्ती प्रश्नोत्तरीही छापली गेली. मराठी मजकुराला युरोपात छापखाना मिळाला तो असा. ज्या चिटणिसाच्या कारकिर्दीत हे घडलं, त्याच्याच संग्रहात ग्रीक-कॉप्टिक पोथी होती. ही दोन कामं वेगळी आहेत हे मला कळतं. पण एका कचेरीत दोन भाषा शेजारी ठेवण्याची इतकी गरज एकाच वेळी भासावी, यापुढे मी थबकते. मात्र या कामात धर्मप्रसाराची सत्ताही होती. गोव्यात अशाच सत्तेने मराठी-कोकणी ग्रंथ नष्ट केले, हे आपण विसरू नये.

बॉर्जियाच्या पोथीतला योहानाचा भाग ऑगुस्तीनो जॉर्जी या पंडिताने 1789 मध्ये प्रसिद्ध केला. डॅनिश विद्वान झोएगा याने संपूर्ण कॉप्टिक संग्रहाची सूची केली. ती त्याच्या मृत्यूनंतर 1810 मध्ये बाहेर आली. 1902 मध्ये बॉर्जियाकडची या पोथीची पानं व्हॅटिकन ग्रंथालयात गेली. एकाच पोथीची काही पानं रोमला, काही पॅरिसला, काही न्यूयॉर्कला आहेत. मठात वाचणाऱ्यांनी कधीकाळी एका दोऱ्यात शिवलेली पोथी आज अभ्यासकाला तीन शहरांत शोधावी लागते.

दोन भाषांची अशी गरज आमच्या छत्तीसगडात दगडावर कोरलेली आहे. दंतेवाड्याला दंतेश्वरीच्या देवळात दोन शिलालेख आहेत, सन 1703 चे. बस्तरचा राजा दिक्पालदेव देवीच्या यात्रेला आला, त्याची ती नोंद. पहिला दगड संस्कृतात. दुसऱ्यावर तीच हकिगत बोलीत, आणि दुसरा दगड का कोरला हेही त्यावरच सांगितलं आहे: कलियुगात संस्कृत वाचणारे थोडे राहतील, म्हणून भाषेत लिहिलं. ती बोली छत्तीसगढी म्हणावी की तिच्यात मैथिलीचा रंग अधिक आहे, यावर विद्वानांत वाद आहे. राजगुरू भगवान मिश्र मैथिल होते, हे त्या वादात विसरून चालत नाही. यज्ञ, दान, पराक्रम यांची वर्णनं दगडांवर खूप मिळतात. पण वाचणारा कमी होत चालला आहे हे राजाच्या लेखातच मान्य करून त्यासाठी आणखी एक दगड घडवणं, हे मला त्या राजाच्या इतर सगळ्या पराक्रमापेक्षा मोठं वाटतं.

मराठीलाही दुसऱ्या भाषांच्या शेजारी बसण्याची सवय जुनी आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळ लेखांबरोबर चावुंडरायाने मूर्ती करवल्याचं मराठीतही कोरलं आहे. तिथे उत्तरेकडून येणाऱ्या यात्रेकरूला वाचता यावं, इतकाच हेतू दिसतो.

कॉप्टिकचं पुढे काय झालं? सातव्या शतकात इजिप्तवर अरबांचं राज्य आलं. हळूहळू ग्रीक पान गळून गेलं. शेतकऱ्याला कळावी म्हणून जी भाषा समोरच्या पानावर आली होती, ती स्वतःच उपासनेची जुनी भाषा झाली. मग कॉप्टिक पोथ्यांच्या समासात, अरुंद रकान्यात, अरबी भाषांतर येऊ लागलं. साधारण सतराव्या शतकापर्यंत घरात कॉप्टिक बोलणारं जवळजवळ कुणी उरलं नाही. चर्चमध्ये ती आजही म्हटली जाते, आणि अर्थ अरबीतून समजून घेतला जातो.

हे वाचलं तेव्हा मी वहीकडे पुन्हा पाहिलं. 1854 पर्यंत रायपूर नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेत होतं. त्यानंतर रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांमुळे मराठी घरं इथे येत राहिली. आमच्या घरी आता उजवं पान सासूबाईंखेरीज मीच वाचते. मुलं डावं वाचतात.

हरतालिकेच्या दिवशीच छत्तीसगडात तीजा असतो. त्यासाठी लेकी माहेरी जातात, आदल्या रात्री करू भात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात खातात, आणि दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास धरतात. दोन्ही घरं एकाच दिवशी जावेला बोलावतात, म्हणून एका वर्षी सासूबाईंनी तिला वही देऊनच माहेरी धाडलं. परतल्यावर तिने सांगितलं, की ती डावं पान वाचू लागली तशा तिच्या आजीने तिला मध्येच थांबवलं. आजीला हिंदीही पुरती कळत नव्हती. मग हिने वही मिटून मांडीवर ठेवली आणि सगळी कहाणी छत्तीसगढीत सांगितली. सख्या पार्वतीला वनात घेऊन जातात तिथे आजी रडली. सासूबाईंनी ऐकून घेतलं, वही परत घेतली, आणि विचारलं, "वनात नेतात ते तू कसं सांगितलंस? मला म्हणून दाखव."