वैमानिकाचे मन आणि नऊपट भार

मोटार वेगाने वळण घेते, तेव्हा आतील उतारू एका अंगाला कलतात. चालक मात्र तितका कलत नाही. पुढचे वळण त्याला आधीच दिसलेले असते. लढाऊ विमानाच्या वैमानिकालाही अशी वळणे घ्यावी लागतात. पण त्याचा वेग इतका प्रचंड असतो, की वळताना त्याचे शरीर नऊपट जड होऊ शकते. ६० किलोग्रॅमचा मनुष्य त्या क्षणी ५४० किलोग्रॅमचा होतो म्हणाना!

हात उचलणेही मग दुष्कर होते. परंतु खरे संकट निराळेच आहे. रक्तही जड होऊन पायांकडे ओढले जाते आणि सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवरील मेंदूपर्यंत ते चढविणे हृदयाला जमेनासे होते. प्रथम रंग फिके पडतात, मग दृष्टीच्या कडा अंधारतात, शेवटी शुद्ध हरपते. स्वस्थ बसलेला मनुष्य साधारणतः चार-पाचपट भार सोसतो. त्याहून अधिक सोसण्यासाठी वैमानिक पाय व पोट यांवर दाब देणारा पोशाख घालतो आणि स्नायू घट्ट आवळून, श्वास कोंडून रक्त वर ढकलतो.

स्नायू आवळावयाचे ते भार येण्यापूर्वी. कारण रक्त थांबले, की मेंदूतील प्राणवायू जेमतेम चार-पाच सेकंद पुरतो. म्हणून ज्याच्या हाती विमानाचा दांडा, तो सावध असतो. मागे बसलेला सोबती बेसावध सापडतो आणि आधी मूर्च्छित होतो. थोडी धडधड उपकारकच, कारण तिने रक्ताचा दाब वाढतो. भीतीने धाप लागली, तर मात्र मेंदूकडे जाणारे रक्त आणखी घटते. शत्रूच्या विमानावर दृष्टी खिळलेला धीट वैमानिकही स्नायू आवळण्यास विसरतो, आणि ही विस्मृती भीतीइतकीच घातक होय.

या सवयीसाठी एक यंत्र असते. बंगळूर येथे १९५७ साली स्थापन झालेल्या भारतीय वायुसेनेच्या वैद्यक संस्थेतही ते आहे. तेल्याच्या घाण्याप्रमाणे आडव्या फिरणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला एक लहानशी खोली असते. तीत वैमानिकाला बसवून गरगर फिरवितात आणि त्याचे चलच्चित्र घेतात. कोणी मूर्च्छित झालाच, तर सुमारे १२ सेकंद तो निश्चेष्ट असतो आणि पुढे जवळजवळ तितकाच काळ भांबावलेला. आकाशात एवढ्या अवधीत विमान भूमीवर आदळू शकते. नवल असे, की अनेकांना आपण मूर्च्छित झालो हे आठवतच नाही. चित्रात आपलीच लोंबकळणारी मान दिसते, तेव्हा कोठे त्यांना ते पटते.