टेलड्रॅगर शिकताना: कोणती पुस्तके, कोणत्या क्रमाने

ज्या विमानाची दोन मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या पुढे आणि तिसरे लहान चाक शेपटीखाली असते, त्याला वैमानिक टेलड्रॅगर म्हणतात. हवेत ते इतर विमानांसारखेच उडते. वेगळेपण जमिनीवर जाणवते. धावपट्टीवर नाक किंचित वळले की चाकांच्या मागे असलेले वजन पुढे रेटत राहते आणि वळण वाढवते. उसाची ट्रॉली ट्रॅक्टरने मागे ढकलताना थोडी तिरकी झाली की बघता बघता आडवी होते, तसाच हा प्रकार. वेळीच पायांनी रडर (शेपटीवरचा सुकाणू) दिला नाही, तर विमान गर्रकन फिरते. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात पंखाचे टोक घासते, कधी चाकाचा पायही मोडतो. मुख्य चाके मागे आणि तिसरे चाक नाकाखाली असलेल्या विमानात तेच वजन वळण मोडून काढते. सेसना 152 किंवा 172 वर शिकलेल्या वैमानिकाचे पाय म्हणूनच आळशी राहू शकतात.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेला लागूनच या विद्येचे एक मोठे केंद्र होते. उदगीर आणि देगलूर तालुक्यांपलीकडे बिदर जिल्हा सुरू होतो. बिदरच्या हवाई तळावर 1963 पासून भारतीय हवाई दलाची प्राथमिक उड्डाण शाळा चालत असे आणि तिथले विमान होते एचटी-2. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. वि. मा. घाटगे यांच्या पथकाने रचलेले हे टेलड्रॅगर ऑगस्ट 1951 मध्ये प्रथम उडाले. घाटगे यांनी गोटिंगेनला लुडविग प्रान्टल यांच्याकडे वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला होता. नागरी फ्लाइंग क्लबांमध्ये आधी टायगर मॉथ होते. 1958 मध्ये प्रथम उडालेले पुष्पक नंतर आले. ही दोन्हीही शेपटीच्या चाकाचीच. 1980 च्या दशकात एचटी-2 ची जागा नाकाखाली चाक असलेल्या एचपीटी-32 दीपकने घेतली. क्लबांमध्ये सेसना रुळले. त्यामुळे एके काळी प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला पहिल्या दिवसापासून येणारी गोष्ट आता पुस्तकातून आणि मोजक्या प्रशिक्षकांकडूनच शिकावी लागते.

पुस्तकांमध्ये पहिला मान वोल्फगांग लँगेविश यांच्या ‘स्टिक अँड रडर’ला जातो. ते 1944 चे आहे. लेखक जर्मनीत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले आणि युद्धकाळात कॉर्सेअर या लढाऊ विमानाचे चाचणी वैमानिक. पुस्तक लिहिले गेले तेव्हा शिकाऊ विमान म्हणजे बहुतेक टेलड्रॅगरच. म्हणून शेपटीच्या चाकाला त्यात वेगळा कप्पा नाही. ते सगळीकडे गृहीत धरलेले आहे. पुस्तकाचा कणा एकच: पंख हवेला कोणत्या कोनात भिडतो हे ओळखा. विमान ‘स्टॉल’ होते ते वेग कमी झाला म्हणून नव्हे, हा कोन मर्यादेबाहेर गेला म्हणून. तीनही चाके एकदम टेकवणारे थ्री-पॉइंट उतरणे हे खरे तर जमिनीपासून वीतभर उंचीवर रोखून धरलेला स्टॉल असते, हे इथे जसे पटते तसे नंतरच्या पुस्तकांत क्वचितच पटते. काही संज्ञा जुन्या झाल्या आहेत आणि पाल्हाळही आहे. पहिली दोन प्रकरणे वाचून कंटाळणाऱ्याने तरीही पुढे जावे.

हार्वे प्लॉर्ड यांचे ‘द कम्प्लीट टेलड्रॅगर पायलट’ (1991) पूर्णपणे याच विषयाला वाहिलेले आहे. टॅक्सी करण्यापासून आडव्या वाऱ्यापर्यंत ते क्रमाने जाते. मुख्य चाके आधी टेकवून शेपटी नंतर उतरवण्याची व्हील लँडिंगची पद्धतही त्यात येते. गद्य रुक्ष आहे, पण प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज रात्री उघडण्याजोगे पुस्तक हेच. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड रॉबसन यांचे ‘कन्व्हेन्शनल गिअर’ वाचायला सुखाचे. मात्र प्लॉर्ड हाताशी असेल तर त्याची निकड राहत नाही. विल्यम केर्शनर यांचे 1960 पासून चालत आलेले ‘स्टुडंट पायलट्स फ्लाइट मॅन्युअल’ सर्वसाधारण पाठ्यपुस्तक आहे, त्यात टेलड्रॅगरला थोडीच जागा मिळते. फुकट मिळणारे आणि तरीही विश्वासार्ह असे साधन म्हणजे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचे ‘एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक’. त्यातले टेलव्हील विमानांवरचे प्रकरण एका बैठकीत वाचून होते.

या अमेरिकी पुस्तकांत एक सापळा आहे. उड्डाणाच्या धावेत उजवा रडर द्या, असे ती सांगतात. कारण अमेरिकी इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. शेपटी खाली असताना खाली येणारे उजवे पाते जास्त जोर लावते, शेपटी उचलताना फिरत्या पंख्याचा जायरोसारखा परिणाम होतो, आणि दोन्ही वेळा नाक डावीकडे ओढले जाते. पुष्पकचे इंजिन अमेरिकी कॉन्टिनेंटल, त्यामुळे त्याला हा नियम लागू. टायगर मॉथचे ब्रिटिश जिप्सी मेजर मात्र उलट फिरते. तिथे नाक उजवीकडे जाते आणि पाय डावा लागतो. तेव्हा ‘उजवा पाय’ पाठ करण्यापेक्षा पंखा कुठे फिरतो आणि नाक का ओढले जाते हे समजून घेतलेले बरे.

दुसरी उणीव उन्हाची. ही पुस्तके मुख्यतः सौम्य हवेच्या प्रदेशांतली. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटर उंचीवर आहे, नांदेड त्याहून बरेच खाली. मे महिन्याच्या दुपारी लातूरला पारा 41 अंशांवर असताना हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण सुमारे 5,700 फूट उंचीवर असल्यासारखे वाटते. वेगमापकावर नेहमीचाच आकडा दिसतो, पण प्रत्यक्ष वेग समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 9 टक्के जास्त असतो. वाढलेला वेग वर्गाने मोजला जातो, म्हणून धावपट्टीवर आवरायची ऊर्जा जवळपास 18 टक्क्यांनी वाढते. टेलड्रॅगरमध्ये हा फरक थेट पायांवर येतो. त्यात तापलेल्या डांबरावरून उठणारे झोत आणि दुपारचा झुळकांचा आडवा वारा. मराठवाड्यात उन्हाळ्यात असे प्रशिक्षण सकाळी लवकर आटोपणे शहाणपणाचे, आणि पुस्तकातली डांबरी धावपट्टीची उदाहरणे गवती पट्टीच्या उदाहरणांपेक्षा काळजीपूर्वक वाचावीत. गवतावर चाक थोडे घसरते आणि चूक खपून जाते. डांबर चाकाला घट्ट धरते.

भारतातल्या परवान्याच्या परीक्षेला यातले काहीच लागत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास उड्डाण लागते आणि ते बारामतीसारख्या केंद्रांवर नाकाखाली चाक असलेल्या विमानांवर पूर्ण होते. विद्यार्थ्यांच्या टेबलावर आय. सी. जोशी यांचे हवामानशास्त्र आणि आर. के. बाली यांचे ‘एअर रेग्युलेशन्स’ असते. टेलड्रॅगरची पुस्तके त्यांच्या शेजारी ठेवायची ती परीक्षेसाठी नव्हे, हाताला वळण लागावे म्हणून.

ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याने हँडबुकातले प्रकरण आधी वाचावे, मग लँगेविश, आणि प्रत्यक्ष उड्डाण सुरू झाल्यावर प्लॉर्ड. अमेरिकेत टेलव्हील विमानाची मान्यता देताना नियमात तासांचा आकडा सांगितलेला नाही. साधे आणि आडव्या वाऱ्यातले उड्डाण व उतरणे, व्हील लँडिंग आणि उतरणे सोडून पुन्हा वर जाणे हे सगळे विद्यार्थ्याला जमते, अशी प्रशिक्षकाची खात्री झाली की तो वहीत सही करतो. निर्मात्यानेच एखाद्या विमानासाठी व्हील लँडिंग नको म्हटले असेल, तर त्यातून तेवढी सूट मिळते.