राजा पोस्टमन होता त्या बेटावरून

डनक्विन (काउंटी केरी, आयर्लंड), सप्टेंबर



गेल्या सुट्टीत आलो तेव्हा मंडईच्या कट्ट्यावर चहा पिता पिता तुम्ही मंडळींनी विचारलंत, की आयर्लंडात पाऊस आणि बटाटे सोडून आहे तरी काय? तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय. इथेही आपल्या कट्ट्यासारखं, गप्पांचं एक मंडई विद्यापीठ होतं. ते 1953 साली बंद पडलं.

डिंगल द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाला डनक्विन हे खेडं. तिथल्या नागमोडी उताराच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं, ग्रेट ब्लास्केट बेट दिसतं. अंतर असं की हाक मारावी. पण याच खाडीत 1588 मध्ये स्पॅनिश आरमाराचं ‘सांता मारिया दे ला रोझा’ हे जहाज बुडालं. मी स्वतः दोनदा इथवर येऊन हात हलवत परत गेलो. फुगलेल्या लाटा असल्या की होडी सुटत नाही, आणि होडीवाल्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो. तिसऱ्या खेपेला समुद्राला दया आली.

ऐन भरात या बेटावर दीडशेच्या वर माणसं राहत. चर्च नाही, दारूचा गुत्ता नाही, डॉक्टर नाही. राजा मात्र होता! मुकुट वगैरे काही नाही. लोकांनी मानलेला राजा, आणि तोच बेटाचा पोस्टमन. टपाल आणायला तो मुख्य भूमीवर जाई आणि येताना जगाच्या बातम्या घेऊन येई. त्या बातम्यांचा कीस पाडायला संध्याकाळी सगळे एका ठरावीक घरात जमत. त्या घराला लोकांनी नाव ठेवलं होतं ‘डॉल’. आयरिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचं हेच नाव. आता सांगा, हे आपलंच खानदान की नाही?

होड्याही बघण्यासारख्या. ‘नेवोग’ म्हणतात. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं डांबर फासलेलं कापड. बुरूड आळीतल्या टोपलीला समुद्रात सोडावं तसा प्रकार. चार माणसं ती डोक्यावर पालथी घेऊन चालत, तेव्हा लांबून आठ पायांचा काळा भुंगा चालल्यासारखा दिसे.

या फाटक्या गावानं साहित्य काय दिलं ते ऐका. शुद्ध आयरिश भाषा शिकायला 1907 मध्ये कार्ल मार्स्ट्रँडर हा नॉर्वेचा पंडित इथे आला. मग ब्रिटिश म्युझियमचा रॉबिन फ्लॉवर. त्यांना भाषा शिकवली टोमास ओ’क्रोहन या कोळ्यानं, आणि नंतर लोकांच्या आग्रहावरून स्वतःचं आयुष्य लिहून काढलं. ते पुस्तक 1929 मध्ये निघालं. पेग सेयर्स या म्हातारीनं आपली कहाणी मुलाला सांगितली, त्यानं ती उतरवून घेतली. ते पुस्तक पुढे कित्येक वर्षं शाळांना लावलेलं होतं. इथल्या माझ्या ऑफिसात पेगचं नाव काढलं की चाळिशीपुढच्या लोकांचे चेहरे आंबट होतात. चांगल्या पुस्तकाचा सूड घ्यायचा असेल तर ते परीक्षेला लावावं, हे दोन्ही देशांना ठाऊक दिसतं.

बेट रिकामं कसं झालं, ही गोष्ट कोकणातल्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. तरुण अमेरिकेला गेले, बरेचसे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड या एकाच शहरात. 1941 मध्ये शाळा बंद झाली. 1946-47 च्या हिवाळ्यात एका तरुणाला मेंदूज्वर झाला. वादळामुळे डॉक्टर पोहोचू शकला नाही आणि तो गेला. त्यानंतर लोकांनीच सरकारला विनवलं, आम्हाला इथून हलवा. देशाचे पंतप्रधान डी व्हॅलेरा स्वतः बेटावर येऊन गेले. तरीही हलवायला 1953 चा नोव्हेंबर उजाडला. उरली होती 22 माणसं. शेवटच्या काळात बेटावर मूल एकच होतं. वर्तमानपत्रांनी त्याला जगातला सर्वांत एकटा मुलगा ठरवलं होतं, समुद्रपक्षी हेच त्याचे सवंगडी म्हणून.

आज छप्पर उडालेल्या भिंतींमधून मेंढ्या फिरतात, आणि गावाखालच्या पांढऱ्या पुळणीवर सील पडलेले असतात. एकदोन नव्हे, शेकड्यांनी. करडे, बोजड, एकमेकांवर गुरकावणारे. वरून पाहिलं तर गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईत ओतलेल्या कोहळ्यांच्या राशीच. पोरं व्हायचा मोसम आत्ताच सुरू होतोय. पिल्लू जन्मतं तेव्हा अंगावर पांढरी लोकर असते, आणि जेमतेम तीन आठवडे आईचं दूध मिळालं की ते वाऱ्यावर. बेटकरी यांची शिकार करत: तेल दिव्यांना, मांस पोटाला. ओ’क्रोहनच्या पायाचा तर एका सीलनं लचका तोडला होता. 1976 च्या कायद्यानं सीलला संरक्षण मिळालं. माणसांना डॉक्टर आणि धड धक्का मात्र मिळाला नव्हता, हे मला राहून राहून खटकतं.

शेजारच्या इनिशटूस्कर्ट बेटावर वादळपाखरांची मोठी वसाहत आहे. चिमणीएवढा पक्षी, जमिनीवर येतो तो फक्त रात्री, शिकारी पक्ष्यांच्या भीतीनं. पफिन बघायला मात्र मी उशीर केला; ऑगस्टमध्येच ते खोल समुद्रावर निघून जातात. 2024 च्या एप्रिलमध्ये सरकारनं हा टापू देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केला. दक्षिणेकडचं स्केलिग मायकल बेटही त्यात येतं. 618 दगडी पायऱ्या चढून गेलं की संन्याशांच्या, चुना न वापरता रचलेल्या झोपड्या. दिवसाला 180 माणसांनाच उतरू देतात. ‘स्टार वॉर्स’मुळे गर्दी वाढली, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

मालवणातही 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि कोळी त्याबद्दल आजही कुरकुरतात. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्यांच्या लाळेच्या घरट्यांची चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ती थांबवायला धडपड केली. सिंधुदुर्ग किल्ल्यात तर अजून काही घरं नांदती आहेत. पुढच्या खेपेला आपण तिथे जाऊ. मला तिथल्या रहिवाशांना विचारायचंय, पावसाळ्यात होडी बंद झाली आणि कुणाला ताप भरला तर काय करता?

ब्लास्केटहून परतताना होडीवाल्यानं आमची डोकी मोजली. सत्तावीस भरली.