गोळी महाग की नदी?

उज्जैनच्या राम घाटावर संध्याकाळच्या आरतीची घंटा वाजली की पायरीवर बूड टेकायला जागा मिळत नाही. समोर वाहते ती क्षिप्रा. पण निव्वळ क्षिप्रा नव्हे, तिच्यात नर्मदाही आहे. २०१४ साली नर्मदेचं पाणी पंपांनी चढावर खेचून, मोठमोठ्या नळांतून क्षिप्रेच्या उगमापाशी आणून सोडलं. खर्च सुमारे ४३२ कोटी रुपये.

हा आकडा लक्षात ठेवा आणि दुसरा ऐका. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘नॅफिथ्रोमायसिन’ या न्यूमोनियावरच्या प्रतिजैविकाची घोषणा केली. शोध भारतातला. कंपनी आपल्या मुंबईची, वोकहार्ट. तिची प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरात. दिवसातून एकदा आणि तीनच दिवस घ्यायचं औषध. ते तयार व्हायला लागली १४ वर्षं आणि ५०० कोटी रुपये.

एक अख्खी नदी दुसऱ्या नदीत आणून ओतणं एका औषधापेक्षा स्वस्त पडलं!

बरं, औषधांच्या जगात ५०० कोटी म्हणजे अगदीच काटकसर. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला तो एका नव्या औषधामागे २६० कोटी डॉलरचा. आजच्या दराने वीस हजार कोटी रुपयांच्या वर. २०२० मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी वेगळी औषधं घेऊन गणित केलं, तर मधला आकडा निघाला साधारण ९८ कोटी डॉलर. इतका फरक कसा? हिशेब कोण करतंय आणि कुठली औषधं धरतंय, त्यावर ते ठरतं. टफ्ट्सच्या केंद्राला औषध कंपन्यांकडूनही पैसा मिळतो, हे जाता जाता सांगून ठेवलेलं बरं.

निम्मं बिल व्याजाचं

टफ्ट्सच्या त्या २६० कोटी डॉलरांतली गंमत अशी की खिशातून खरोखर गेलेले पैसे सुमारे १४० कोटीच. उरलेले १२० कोटी हे अडकून पडलेल्या पैशाचं मोल. प्रयोगशाळेपासून औषधाच्या दुकानापर्यंत पोचायला दहा-पंधरा वर्षं लागतात. तेवढा काळ तोच पैसा दुसरीकडे गुंतवला असता तर काय मिळालं असतं, तेही खर्चात धरलं जातं. आपल्या गावच्या सावकाराला हे एका वाक्यात कळलं असतं. आपल्याला मात्र बिल बघून घेरी येते.

पहिल्यांदा निघालं ते विषच

उज्जैनला सिंहस्थ भरतो तो अमृताचे थेंब इथे सांडले म्हणून. पुढचा २०२८ मध्ये. पण समुद्रमंथनाची गोष्ट नीट आठवा. इतकी घुसळण करून आधी वर आलं हलाहल. ते पोटात घेऊन पहिल्या टप्प्याची चाचणी स्वतःवर घेतली महादेवाने, आणि त्याचं महाकाल मंदिर राम घाटापासून पायी जाण्याइतकं जवळ. पेशवाईत राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी ते पुन्हा उभारलं, म्हणून मराठी माणसाला इथे थोडं घरच्यासारखं वाटतं. धन्वंतरी अमृताचा कलश घेऊन आला तो अगदी शेवटी. मधल्या काळात हत्ती निघाला, घोडा निघाला, म्हणजे जे शोधत नव्हते ते सगळं निघालं.

हुबेहूब हीच तऱ्हा प्रयोगशाळेत. फायझरचे शास्त्रज्ञ १९९०च्या सुमारास छातीत कळ येणाऱ्या हृदयरोग्यांसाठी एक औषध घुसळत होते. छातीला फारसा गुण येईना, भलतीकडेच आला. त्याचं पुढे काय झालं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे, नाव व्हायग्रा.

असा ऐरावत मात्र क्वचितच निघतो. माणसांवर चाचणी सुरू झालेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ वाटेतच गळतात. गळणारं औषध पहिल्याच पावलावर गळलं तर ठीक. याच फायझरचं टॉर्सेट्रापिब हे कोलेस्टेरॉलवरचं औषध गळलं ते थेट तिसऱ्या टप्प्यात, हजारो रुग्णांना देऊन झाल्यावर. औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले आणि डिसेंबर २००६ मध्ये सगळं थांबवलं. तोवर ८० कोटी डॉलर गेले होते. डोंगर पोखरून उंदीरही नाही! म्हणून दुकानात आपण एका औषधाचे पैसे देतो, पण पावतीत न दिसणारी नऊ मेलेली औषधंही त्यातच असतात.

पूर्वी हे इतकं महाग नव्हतं. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. स्वयंसेवक एक, खर्च शून्य. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाब उतरवते हे जगाला दाखवलं १९४९ मध्ये, ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधल्या एका लेखातून. रुग्ण किती? पन्नास. आज रक्तदाबाचं नवं औषध पन्नास रुग्णांच्या जोरावर मंजुरीला नेलं तर अधिकारी चहासुद्धा विचारणार नाहीत. आता पहिल्या टप्प्यात काही डझन निरोगी माणसं, दुसऱ्यात काहीशे रुग्ण, तिसऱ्यात हजारो. त्या प्रत्येकाच्या तपासण्या, विमा, नोंदी, डॉक्टर, परिचारिका, आणि कागद. कागदाची तर गणतीच नको.

कागद का वाढले? १९३७ मध्ये अमेरिकेत जंतूंवरच्या सल्फा या औषधाचा रासबेरीच्या चवीचा पातळ प्रकार निघाला. पातळ करायला वापरलं डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे विष. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत पुष्कळ लहान मुलं. औषध आधी तपासून विका असं सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता, त्यामुळे कंपनीवर खटला भरला तो नावावरून! बाटलीवर ‘एलिक्झिर’ लिहिलंय आणि त्यात अल्कोहोल नाही, हा गुन्हा. पुढच्याच वर्षी कायदा आला. दूरची गोष्ट वाटत असेल तर मुंबईला या. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात त्याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग बसला. त्यामुळे चाचण्यांच्या खर्चावर कुणी फार नाकं मुरडायला लागलं की मला हे चौदा जण आठवतात.

लताबाईंशी स्पर्धा

अजून एक अडचण आहे. तिला अभ्यासकांनी बीटल्सचं नाव दिलंय, पण आपण लताबाईंचं उदाहरण घेऊ. समजा, नियम असा निघाला की लता मंगेशकरांपेक्षा सरस असेल तरच नवं गाणं विकायचं, आणि लताबाईंची सगळी गाणी फुकट मिळतायत. किती नव्या गायिकांचं दुकान चालेल? औषधांचं तसंच झालंय. रक्तदाबाच्या, आम्लपित्ताच्या, कोलेस्टेरॉलच्या जुन्या गोळ्या चांगल्या आहेत आणि पेटंट संपल्यामुळे स्वस्तही. त्यांच्यापेक्षा थोडं सरस काही आणायचं तर तो ‘थोडा’ फरक सिद्ध करायला हजारो रुग्ण लागतात.

याचा एक गमतीदार नियमही आहे. संगणकाची ताकद ठरावीक काळाने दुप्पट होते, हा मूरचा नियम. औषधांत उलटं घडतं. १९५० पासून, महागाई वगळूनही, तेवढ्याच पैशात मिळणारी नवी औषधं दर नऊ वर्षांनी निम्मी होत गेली. म्हणून २०१२ मध्ये अभ्यासकांनी मूरची इंग्रजी अक्षरं उलटी लावली आणि नियमाचं नाव ठेवलं ‘ईरूम’.

घाटावर परत

हे सगळं सांगायला राम घाटच का? कारण उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयातले आणि स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले संशोधक याच क्षिप्रेचं पाणी नि तळातला गाळ वर्षानुवर्षं बाटल्यांत भरून नेत होते. प्रश्न साधा होता : जिथे एवढा जनसागर स्नान करतो त्या नदीत औषधं किती आणि औषधांना न जुमानणारे जंतू किती? पाण्यात सल्फामेथॉक्साझोल सापडलं, म्हणजे त्या १९३७ च्या सल्फाचं नात्यातलंच औषध. प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय जंतूही सापडले. आपण अर्धवट सोडलेल्या, उगाच घेतलेल्या, मोरीत ओतलेल्या गोळ्या शेवटी कुठल्या ना कुठल्या नदीलाच मिळतात. जंतू तिथे शाळा भरवतात.

जंतू शिकले की नवं प्रतिजैविक हवं. आणि इथे खर्चाचं गणित पार वेडं होतं. रक्तदाबाची गोळी माणूस आयुष्यभर घेतो, प्रतिजैविक आठवडाभर. शिवाय नवं प्रतिजैविक जितकं चांगलं, तितकं डॉक्टर ते कुलपात ठेवणार, अगदीच जीवावर बेतलं तरच काढणार. रुग्णाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर, कंपनीच्या दृष्टीने दिवाळं. हे ‘दिवाळं’ नुसतं बोलण्यापुरतं नाही बरं. अमेरिकेतल्या अकेओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली, पेढे वाटायची वेळ. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मोडीत निघालेलं ते औषध घेतलं कुणी? मुंबईच्या सिप्लाने. किंमत पन्नास लाख डॉलरच्या आत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आपण ऐकला होता, इथे बारा आण्याची कोंबडी चार आण्यांत गेली.

ब्रिटनने २०२२ मध्ये यावर पुण्याच्या मेसवाल्या काकूंचा तोडगा काढला. महिन्याचे पैसे भरा, जेवा किंवा जेवू नका. दोन नव्या प्रतिजैविकांसाठी तिथल्या आरोग्यसेवेने वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची असं तेव्हा ठरलं, एकेकासाठी जास्तीत जास्त एक कोटी पौंड. औषध एकालाही लागलं नाही तरी पैसे चालू. वापर कमी झाला तर कंपनीचं नुकसान नाही, मग ती डॉक्टरांमागे ‘लिहा, लिहा’ म्हणून लागतही नाही.

जाता जाता मातीची एक गोष्ट. पुष्कळशी प्रतिजैविकं मुळात मातीतल्या जंतूंनी बनवलेली असतात. रॅपामायसिन मिळालं ईस्टर बेटाच्या मातीतून; त्या बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. पण आपणही काही कमी नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या आरंभी बुरशीवरचं हमायसिन शोधलं, आणि ते बनवणाऱ्या जंतूचं शास्त्रीय नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. ऐंशीच्या दशकात मुंबईत होक्स्ट कंपनीच्या मंडळींनी एका बुरशीतून नवा पदार्थ काढला, त्याचं नाव मुलुंडोकँडिन, मुलुंडवरून! लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या मुलुंडकरांनी हे एकदा शेजारच्या ठाणेकराला ऐकवावं.

राम घाटाच्या पायऱ्यांखालच्या गाळाचे नमुने तर नेऊन झालेच आहेत. उद्या त्यातून काही निघालं तर नाव शोधायची कटकट नाही, क्षिप्रामायसिन.