लॅपटॉपचे पार्टिशन करा, पण रिकव्हरीला हात लावू नका

राजेहो, अमरावती-अकोल्यात इंजिनिअरिंगचे प्रवेश झाले की नवे लॅपटॉप घरोघरी येतात. बहुतेकांत एकच सी ड्राइव्ह, म्हणून पहिला प्रश्न येतो: डी ड्राइव्ह कसा करायचा? फॉरमॅट मारायची काहीच गरज नाही.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी सोबत अक्षर नसलेले दोन-तीन लहान तुकडे दिसतील. एक ईएफआय, त्याशिवाय विंडोज सुरूच होत नाही. दुसरा रिकव्हरी, बहुधा पाचशे एमबी ते एक जीबीचा. काही कंपन्या आणखी मोठा तुकडा ठेवतात, त्यात मूळ विंडोज आणि ड्रायव्हर असतात. "जागा वाया जाते" म्हणून हे उडवू नका. पुढे विंडोज बिघडले तर तेच कामी येतात.

सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, आकडा एमबीमध्ये. १०० जीबी म्हणजे १०२४००. मोकळ्या झालेल्या जागेवर न्यू सिम्पल व्हॉल्यूम. झाला डी. जागा भरपूर असूनही कमीच श्रिंक होत असेल, तर हायबरनेशन आणि पेजफाइल आड येतात. ते तात्पुरते बंद करून पाहा.

त्याआधी मात्र १६ जीबी किंवा मोठ्या रिकाम्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवा, बिटलॉकरची की कागदावर लिहा, फोटो-प्रोजेक्ट बाहेर कॉपी करा. डी वर ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे, डिस्क एकच आहे! आणि चार्जर लावूनच बसा, आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही.