अंतराळात मुरलेले मद्य

दारूबंदीच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने मद्यावर व्याख्यान द्यावे, ह्याचे काहींना नवल वाटेल. दारूने उठवलेले संसार मी कामगारवस्त्यांत पुष्कळ पाहिले आहेत आणि कोणाला प्यायला सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. माझा प्रश्न निराळा आहे. पिंपात अमुक वर्षे मुरली म्हणून व्हिस्कीची किंमत चढते. उद्या अंतराळात मुरली म्हणून ती आणखी चढेल. ह्या चढीव किमतीमागे काही वस्तुस्थिती आहे काय?

भट्टीतून उतरलेली व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. आतून जाळलेल्या ओक लाकडाच्या पिंपात ती ठेवतात. जाळल्याने लाकडातले घटक फुटतात आणि व्हॅनिलासारखा वास देणारी द्रव्ये तयार होतात. मद्य ती सावकाश ओढून घेते. रंगही तिथलाच. शिवाय लाकडातून थोडी हवा आत येते आणि थोडे मद्य उडून जाते. स्कॉटलंडमध्ये हे उडणे वर्षाला सुमारे 2 टक्के असते. आपल्या शेजारी गोव्यात, कुंकळ्ळी येथे, पॉल जॉन नावाची व्हिस्की मुरवतात. तेथे उष्म्यामुळे ते सुमारे 8 टक्क्यांवर जाते. तेव्हा तेथली पाच वर्षे आणि येथली पाच वर्षे ही एकच गोष्ट नव्हे. पिंप मुरवते, हवामान मुरवते; नुसते कॅलेंडर मुरवत नाही.

मग ह्यात वजनाचा काय संबंध? हळद शिजवण्याची काहील वसमतकडच्या मंडळींना सांगायला नको. तळाचे तापलेले पाणी हलके होऊन वर येते, वरचे गार पाणी जड म्हणून खाली जाते. पिंपातही दिवसाच्या उष्म्याने असेच मंद अभिसरण चालते. वजनच नाहीसे केले तर हे फिरणे थांबेल, आणि लाकडातली द्रव्ये न ढवळलेल्या पाण्यातील खडीसाखरेप्रमाणे आपली आपणच पसरत राहतील.

अंतराळात वजन नसते, ते पृथ्वीची ओढ संपते म्हणून नव्हे. स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर फिरते; तेथेही जमिनीवरच्या ओढीचे सुमारे नऊ दशांश शिल्लक असते. पण विहिरीत दोर तुटला म्हणजे बादली आणि पाणी बरोबरच पडतात, आणि पडेपर्यंत पाण्याचा भार बादलीच्या बुडावर येत नाही. स्थानक असेच अखंड पडत असते. पुढे धावण्याचा वेग एवढा की जमीन गाठण्याआधी ती खालून वळून जाते. (औंढ्याजवळ 4 किलोमीटर लांबीच्या भुजांची लायगो वेधशाळा व्हायची आहे, 2023 मध्ये तिला मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी मिळाली, तेव्हा गुरुत्वाकर्षणाचे बोलणे आपल्या जिल्ह्याला परके राहिलेले नाही.)

स्कॉटलंडच्या आयला बेटावरील आर्डबेग भट्टीने ऑक्टोबर 2011 मध्ये कच्चे मद्य आणि जाळलेल्या ओकची कीस लहान कुप्यांत घालून स्थानकावर पाठवली. दोन्ही पदार्थ आधी वेगळे ठेवले होते. वर गेल्यावर अंतराळवीराने ते एकत्र केले. तशाच कुप्या तुलनेसाठी बेटावरच्या गोदामात ठेवल्या. वरच्या कुप्या सप्टेंबर 2014 मध्ये परतल्या आणि 2015 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. लाकडातून उतरलेल्या द्रव्यांचे परस्पर प्रमाण दोन्हीकडे निराळे भरले. खालच्या नमुन्याला नेहमीच्या जुन्या आर्डबेगसारखा लाकडाचा, गोड धुराचा वास होता. वरच्याला जंतुनाशकासारख्या धुराचा आणि रबराचा.

म्हणजे फरक पडला. तो निव्वळ वजनाअभावी पडला असे मात्र मी म्हणणार नाही. दोन मागांचे उत्पादन ताडून पाहायचे तर सूत एका नंबरचे हवे आणि पाळीही एक हवी, हे गिरणीतला कोणीही सांगेल. स्थानकात बारा महिने खोलीसारखी ऊब, तर बेटावरच्या गोदामात हिवाळ्याचा गारठा. शिवाय कुपी म्हणजे पिंप नव्हे. तिच्यात लाकडातून हवा खेळत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनेही ऑगस्ट 2015 मध्ये आपले नमुने स्थानकाच्या किबो विभागात पाठवले. अभिसरण थांबले तर मद्य अधिक मऊ होते काय, हे तिला पाहायचे होते.

इतके सगळे संशोधन चालू असताना व्यापार थांबला नव्हता. आर्डबेगने 2012 मध्येच, ह्या प्रयोगाच्या सन्मानार्थ म्हणून, ‘गॅलिलिओ’ नावाची व्हिस्की विक्रीस काढली. कुप्या तेव्हा वर फिरतच होत्या. बाटलीतला माल सगळा जमिनीवर मुरलेला होता.